चौथा प्रश्न

निकाल लागला की आमच्या घराची बेल वाजायला लागते. मी कल्याणच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी पारनाक्याजवळच्या या दुसऱ्या मजल्यावर आईबाप अजून फाइल घेऊन चढतात. यंदा आलेल्या बाईंची फाइल गुलाबी प्लास्टिकची होती. मुलीचे ‘नीट’चे गुण मध्यम. सरकारी जागा मिळण्यासारखे नाहीत आणि खासगी कॉलेजची फी ऐकून घरात दोन दिवस कोणी धड जेवलेलं नाही. मग एका एजंटाचं ‘सेमिनार’ झालं, डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये, समोसा-चहासकट. किर्गिझस्तान. सहा वर्षांचे सगळे मिळून तीस लाख, वसतिगृह धरून, भारतीय मेस धरून. ब्रोशरवर बर्फ, बर्फात हसणाऱ्या मुली, आणि सगळ्यांच्या अंगात पांढरे कोट.

“मॅडम, तुम्हीच सांगा, पाठवू का?”

मी नेहमी सांगते तेच सांगितलं, की मुलीला घेऊन या, मग बोलू. त्या गेल्यावर मात्र कपाटातून माझी जुनी वही काढली. अशा वेळी मला पारनाक्यावरचीच एक मुलगी आठवते. तिचं माहेर कल्याणचं. नाव यमुना, लग्नानंतर आनंदी. या गल्ल्यांत लहानाची मोठी झालेली ही पोर १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली हे इथल्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पुतळे, सिनेमा, कादंबरी, सगळं झालं. पण जाण्याआधी तिने काय केलं, हे फारसं कोणी सांगत नाही. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, कॉलेजच्या हॉलमध्ये, तिने इंग्रजीत भाषण केलं. (आपल्याकडे काही जण त्याला श्रीरामपूर म्हणतात आणि मग नगर जिल्ह्यातली मंडळी खूश होतात. हे हुगळीकाठचं.) नवरा गोपाळराव टपाल खात्यात, त्यांच्या बदल्यांबरोबर ती अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी फिरत तिथे पोचली होती. वय सतरा, अठराव्याला महिना कमी. चौदाव्या वर्षी मूल झालं होतं आणि दहा दिवसांत गेलं होतं. समोर बसलेल्यांच्या मनात काय चाललंय हे तिला माहीत होतं, म्हणून तिने लोकांचेच सहा प्रश्न घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं.

अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि जे कुठल्या बाईने केलं नाही, ते तूच का करावंस?

मी वर्गात हे सहा प्रश्न फळ्यावर लिहायची. पोरं हसायची, कारण पाच प्रश्न त्यांच्या घरी आदल्याच रात्री झालेले असत. मुलगी असेल तर सहावाही.

पहिल्या दोन प्रश्नांना तिचं उत्तर चोख होतं. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये बायकांना दार उघडलं होतं, सुईणीच्या शिक्षणाचे वर्गही होते. तिला ते पुरेसं वाटत नव्हतं आणि शिकवणाऱ्यांची दृष्टी तिला जुनाट वाटत होती. तिसऱ्याचं उत्तर साधं, पैशाचं. गोपाळरावांवर घरच्यांची जबाबदारी होती. दोघांनी जायचं तर मागे खाणार काय? पैशाच्या बाबतीत तिची तारांबळ आजच्या आईबापांइतकीच होती. अंगावरचं सोनं मोडलं. व्हाइसरॉय लॉर्ड रिपननी तिच्या फंडाला २०० रुपये दिले. आणि अमेरिकेत आधार मिळाला तो निव्वळ योगायोगाने. तिच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी कोल्हापूरहून लिहिलेलं पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं होतं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहताना ते वाचलं. त्यातून पत्रव्यवहार झाला, मावशी म्हणण्याइतका जिव्हाळा झाला. एजंटचं कमिशन नाही, समोसा नाही. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली मुलगी ४ जूनला न्यू यॉर्कला उतरली, तेव्हा धक्क्यावर घ्यायला कोणीतरी होतं. आजच्या आईबापांना मी पहिलं हेच विचारते, विमानतळावर घ्यायला कोण येणार आहे? ब्रोशरमध्ये ते कधीच नसतं.

चौथा प्रश्न जातीचा. त्यावर ती म्हणाली त्याचा आशय असा की मी जाताना हिंदू आहे, तिथे हिंदू म्हणूनच राहीन, इथे राहते तशीच तिथे राहीन. मग मला बाहेर टाकायचं कारण काय? आणि या धमकीची मला भीती वाटत नाही.

या चौथ्या प्रश्नावर मी बरीच वर्षं घुटमळले आहे. बाकीचे पाच जाण्याविषयी आहेत, हा एकटाच येण्याविषयी. परत आल्यावर मला आत घेणार का? आणि दीडशे वर्षांच्या या सगळ्या गोष्टीत टिकून राहिलेला प्रश्न हाच आहे. फक्त आत घेणारी मंडळी बदलली.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधून एम. डी. झाल्या. हे कॉलेज १८५० चं, बायकांसाठीच काढलेलं. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागावर नेमणूक देऊ केली. यात मला एक गोष्ट नेहमी खटकते, म्हणजे आजच्या डोळ्यांना खटकते: मध्ये कुठेच परीक्षा नाही! फिलाडेल्फियाची पदवी इथे चालते का, असं विचारणारं कार्यालयच नव्हतं. मुंबई इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही सुरू करणारा कायदा झाला १९१२ मध्ये. त्याआधी वैद्य, हकीम, ग्रँट मेडिकलचा पदवीधर आणि रस्त्यावर दात काढणारा, सगळे कायद्याच्या नजरेत थोड्याफार फरकाने सारखेच. आनंदीबाईंना आत घ्यायचं की नाही हे जात ठरवणार होती. आणि जातीने, म्हणजे निदान पुण्याच्या शिकलेल्या समाजाने, तिचं स्वागतच केलं. क्षयाने ती इतकी खंगली होती की त्या स्वागताचा काही उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. तिच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाशेजारी पुरल्या गेल्या. कोल्हापूरच्या जागेवर ती एक दिवसही बसली नाही. त्या रुग्णालयाला आता लोक सीपीआर म्हणतात. गेल्या खेपेला मी अंबाबाईच्या दर्शनाला गेले तेव्हा मुद्दाम रिक्षा तिकडून घ्यायला लावली. बाहेर शहाळीवाला होता आणि रुग्णवाहिकांची रांग.

एक गंमत आहे, कडू गंमत. आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच १८८३ सालात मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बायकांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी फंड उभा केला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजने मुलींना घ्यायचं कबूल केलं. म्हणजे कल्याणहून लोकलने जाता आलं असतं! वर्षभर थांबली असती तर? हा प्रश्न आमच्या वर्गात हटकून यायचा. मी म्हणायची, वर्षभर थांबण्याचा सल्ला देणारे तेव्हाही खूप होते.

पण दार उघडलं म्हणून सगळ्या जणी आत जातात असं नाही. रखमाबाईंचं बघा. ग्रँट मेडिकलला मुली शिकू लागून पाच-सहा वर्षं झाली होती, वडिलांच्या जागी असलेले डॉ. सखाराम अर्जुन त्याच परंपरेतले, आणि तरी १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये गेल्या. कारण त्यांच्या नावाचा खटला. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणून १८८४ पासून कोर्ट, १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम, १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड. कामा हॉस्पिटलच्या एडिथ पीची यांनी त्यांना पाठबळ दिलं. मला आपलं वाटतं, त्यांना वैद्यक जितकं हवं होतं तितकंच मुंबईपासून लांब जाणंही हवं होतं. परदेशी शिकायला जाणाऱ्या पुष्कळांचं असं असतं, फॉर्मवर ते लिहायला रकाना नसतो. परत येऊन रखमाबाईंनी सुरतेला आणि मग राजकोटला आयुष्यभर दवाखाने चालवले. मुंबईत नाही.

पुरुषांचं लंडनला जाणं वेगळ्या कारणाचं. त्यांना शिक्षण इथे मिळत होतं. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, पहिली तुकडी १८५१ ला बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड. पण सरकारी वैद्यक सेवेतली वरची जागा हवी असेल तर इंडियन मेडिकल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा, आणि ती १८५५ पासून लंडनमध्ये. म्हणजे मुंबईतल्या सरकारी सेवेत वरची जागा मिळवायला टेम्सच्या काठी बसून पेपर लिहायचा. ज्याची ऐपत आणि समुद्र ओलांडायची तयारी, तोच जाणार. आमच्या मराठी मंडळींतले आत्माराम सदाशिव जयकर असे गेले, आणि सेवेत लागल्यावर मस्कतला जाऊन तिथलेच झाले. डॉक्टरकी करता करता त्यांनी तिथले मासे आणि प्राणी गोळा करून इंग्लंडला पाठवले. ओमानच्या डोंगरातला ताहर हा रानबकऱ्यासारखा प्राणी आजही शास्त्रीय नावात ‘जयकरी’ आहे, एक समुद्रघोडाही. (जीवशास्त्राच्या बाईला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, माफ करा.) कान्होबा रणछोडदास कीर्तिकरही याच वाटेने गेले. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बामनदास बसूंचा ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर, १९१८ ला निघाला.

गोव्यात हाच खेळ पोर्तुगीजांनी लावला होता, आणि तो मला जास्त क्रूर वाटतो. पणजीची वैद्यक-शल्य शाळा १८४२ ची, ग्रँट मेडिकलच्या तीन वर्षं आधीची. पण तिथे शिकलेला डॉक्टर पोर्तुगालच्या लेखी पुरता डॉक्टर नाही. पुरा व्हायचं तर लिस्बन, पोर्टो किंवा कोइंब्राला जाऊन पुन्हा शिकायचं. नाहीतर आफ्रिकेतल्या वसाहतींत दुय्यम दर्जाची नोकरी पत्करायची, आणि तिकडे कितीतरी गोवेकर गेले. शिकवणारेही तेच, न मानणारेही तेच.

नोंदवही १९१२ ला आली आणि चौथ्या प्रश्नाने जात बदलली. पुढे तर आपल्यावरच पाळी आली. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली. वादाचं एक कारण, इथल्या कॉलेजांत प्रसूतीचं प्रशिक्षण पुरेसं होत नाही. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय! त्या भांडणातून १९३३ मध्ये आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल झाली. आता दरवाजावर आपला माणूस बसला आणि बाहेरून येणाऱ्याला कागद दाखव म्हणू लागला. हे रास्तच होतं. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. पण दरवाजा झाला की दरवाजाबाहेर रांग होते, आणि रांग झाली की तिच्या बाजूला चहाची टपरी टाकणारा एजंट येतो.

माझ्या नोकरीच्या काळात मी त्या रांगेचे देश बदलताना पाहिले. त्याआधीची पिढी रशियाला गेली ती शिष्यवृत्तीवर. मॉस्कोचं पीपल्स फ्रेंडशिप विद्यापीठ १९६० साली निघालं, पुढच्या वर्षी त्याला पॅट्रिस लुमुंबांचं नाव दिलं गेलं. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ तिथून डॉक्टर होऊन आले, अजूनही चहात लिंबू पिळतात. सोव्हिएत संघ फुटला आणि तीच विद्यापीठं डॉलर मागू लागली. इकडे महाराष्ट्रात १९८३-८४ पासून विनाअनुदानित कॉलेजं निघाली होती, देणग्या इतक्या वाढल्या की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. फी वेगळ्या नावाने राहिलीच. बेळगाव, गुलबर्गा, मग तेही न परवडणाऱ्यांचा रशिया.

नव्वदच्या दशकात माझा एक विद्यार्थी गेला, परत येऊन आज ठाणे जिल्ह्यात चांगला चालतो. त्याला फारसं काही विचारलं गेलं नाही. त्याच्यानंतर सहा वर्षांनी गेलेली एक विद्यार्थिनी परतली तोवर नियम बदलला होता. १५ मार्च २००२ पासून परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्याला स्क्रीनिंग टेस्ट, ३०० पैकी १५० गुण. गुण कमी की नोंदणी नाही, नोंदणी नाही की डॉक्टर नाही. पुढे अनेक वर्षं पास होणाऱ्यांचं प्रमाण पाचात एकाच्या आसपास घुटमळत राहिलं. ती तिसऱ्या खेपेला पास झाली. दोन खेपांच्या मध्ये तिचं लग्न जमवायला बसलेल्या पाहुण्यांना तिची आई सांगायची, “एमबीबीएसच आहे, फक्त परीक्षा बाकी आहे.” ही माऊली तेव्हा मला सेरामपूरच्या श्रोत्यांची आठवण करून द्यायची. वाळीत टाकण्याची जागा पंचायतीकडून परीक्षा केंद्राकडे गेली होती.

मग चीनचं युग. २०२० मध्ये चीनने सीमा बंद केल्या आणि आमच्या शेजारच्या इमारतीतला मुलगा गच्चीवर मोबाइल घेऊन शरीररचना शिकू लागला. प्रेत नाही, टेबल नाही, फक्त नेटवर्कची दांडी. मग युक्रेन. युद्ध सुरू झालं त्या २४ फेब्रुवारी २०२२ च्या आदल्या आठवड्यात एका बापाने मला फोन करून विचारलं होतं, बोलावून घेऊ का, हजेरी जाईल. मी म्हणाले, हजेरी जाऊ दे. त्याने बोलावलं नाही. मुलगी दहा दिवसांनी रोमानियामार्गे आली, सुखरूप आली, एक मांजर घेऊन. तिच्या वर्गातले काही परत गेले, काही दुसऱ्या देशात बदलून गेले. पाचवा प्रश्न, काही बरंवाईट झालं तर, तो माझ्या पाहण्यात त्या वर्षी पहिल्यांदा खरा झाला.

नियम आता आणखी नेटके झाले आहेत. परदेशी जायचं तरी २०१८ पासून ‘नीट’ पास असावी लागते. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनी तर सगळं लिहूनच टाकलं: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, वर्षभराची इंटर्नशिप तिथेच, त्याच संस्थेत, परतल्यावर इथे पुन्हा वर्षभर, ज्या देशात शिकलात तिथे डॉक्टरकी करायचा परवाना मिळण्यासारखी पदवी हवी, आणि सगळं दहा वर्षांच्या आत. मी हे आईबापांना वाचून दाखवते तेव्हा ते मान हलवतात आणि विचारतात, “पण एजंट म्हणाला ते?” एजंटाच्या कागदावर ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द असतो. कोणी मान्य केलं आणि कशासाठी, हे कधी नसतं. २०२४ साली ‘नीट’ला २३ लाखांहून जास्त मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. उरलेल्या बावीस लाखांत डॉक्टर होण्याची इच्छा मेली नसणार, एवढं एजंटाला पक्कं माहीत असतं.

म्हणून मी ‘नका पाठवू’ असं कधी सांगत नाही. कल्याणात बसून तसं सांगायची माझी हिंमत होत नाही. आनंदीबाईंच्या पाठोपाठ त्याच फिलाडेल्फियातून गुरुबाई करमरकर १८९२ ला पदवी घेऊन आल्या आणि मुंबईत वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. त्यांचं नाव कोणी घेत नाही, पण त्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी आली. आई खाली भाजी घेत थांबली होती, हे मला आवडलं. मी वहीतले सहा प्रश्न तिच्यापुढे ठेवले. तिने ते वाचले, चौथ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली की हे मी ऑलरेडी बघितलंय, नियम डाउनलोड केलेत. मग तिने आपला कागद काढला. वहीच्या मधलं पान, अकरा प्रश्न, निळ्या पेनाने. मी चष्मा लावून वाचायला घेतले. पहिलाच होता: शिकवणं इंग्रजीत, पण चौथ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर पेशंट इंग्रजी बोलणार नाही. त्याला कुठे दुखतं हे मी कोणत्या भाषेत विचारायचं, आणि ती भाषा कोण शिकवणार, कधीपासून?

एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. मी तिला सांगितलं, मला माहीत नाही. मग आम्ही दोघी कॉम्प्युटरपाशी बसलो आणि त्या विद्यापीठाला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. ती मजकूर सांगत होती, मी टाइप करत होते. खालून आईने दोनदा हाक मारली.